सुपरहिरोंच्या ताकदीत काटामारी?

वखारभाग
परवा रविवारी रद्दीच्या दुकानात जुने दिवाळी अंक चाळत बसलो होतो. शेजारी आठवी-नववीतली दोन पोरं. एकाच्या हातात हल्क, दुसऱ्याच्या हातात सुपरमॅन, आणि भांडण असं रंगलेलं की भडंगाची पुडी सांडली तरी दोघांना पत्ता नाही. "हल्क चिडला की त्याला लिमिटच नाही!" "सुपरमॅन त्याला उचलून सूर्यात टाकेल!" शेवटी दुकानदारानं दोघांच्या हातातले अंक काढून घेतले, तराजूत टाकले आणि म्हणाला, "दोघं मिळून दीडशे ग्रॅम भरले. घ्यायचेत का?"

तेव्हापासून तो तराजू डोक्यातून जाईना. आपण ऊसपट्ट्यातली माणसं, काटामारी म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. वजनकाट्यावर गाडीत माल एवढा आणि पावतीवर आकडा तेवढा. माझं म्हणणं असं की कॉमिक्सवाले पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत. फरक इतकाच की आपल्याकडं पावती कमी येते, त्यांच्याकडं फुगून येते.

सुपरमॅनच घ्या. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोघांनी त्याला पहिल्यांदा छापला, तेव्हा त्याला उडता येत नव्हतं. तो उडी मारायचा. एका उडीत एक अष्टमांश मैल, म्हणजे साधारण दोनशे मीटर. वीस मजली इमारत ओलांडायचा, एक्सप्रेस गाडीपेक्षा जोरात पळायचा, आणि फुटणारा तोफगोळा सोडला तर कशानंही त्याच्या कातडीला भोक पडायचं नाही. म्हणजे तोफगोळ्यानं पडू शकत होतं! उन्हाळ्यात आयर्विन पुलाशेजारून उडी मारली असती तर बहुतेक सांगलीवाडीत उतरला असता. २०१९ च्या पुरात मारली असती तर मधेच कुठंतरी पाण्यात.

त्याच माणसाला पुढं उडायला लावलं, मग ग्रह ढकलायला लावलं, आणि १९६१ च्या एका अंकात तो अंतराळात जाऊन शिंकतो तर लांबची अख्खी सूर्यमालाच उडून जाते. शिंकेनं! शेवटी १९८६ मध्ये जॉन बर्न या चित्रकार-लेखकाला बसवून त्याची ताकद छाटावी लागली, कारण अशा माणसाला गोष्टीत अडचण तरी कसली येणार?

तर माझा नियम असा. हिरोची ताकद त्याच्या सगळ्यात मोठ्या पराक्रमावरून धरू नका. त्याला कुठल्या कामात घाम फुटतो ते बघा. स्पायडरमॅन १९६६ च्या त्या गाजलेल्या अंकात अवजड यंत्राखाली अडकतो, वरून पाणी गळतंय, त्याला वाढवणाऱ्या मे काकूचं औषध हात पोचणार नाही अशा जागी पडलेलं, आणि पठ्ठ्या पानंच्या पानं नुसता रेटा लावतोय. तिथं मला त्याचं खरं वजन कळतं. बाकी सगळं फुगवलेली पावती.

आता हाणा मला.

क्लास१००
काका, हाणतोच. तुमच्या बोलण्यावरून वाटतं की काटाच नाही. काटा आहे की! हल्क-स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हल कंपनीनं १९८३ पासून अधिकृत हँडबुक काढलं, त्यात प्रत्येकाची ताकद टनात दिलीय. स्पायडरमॅन १० टन. थॉर आणि हल्क क्लास १००, म्हणजे शंभर टनांच्या वर. माझं नाव तिथूनच घेतलंय. कंपनीनं स्वतः छापलेला आकडा असताना घाम कुठं फुटला ते कशाला शोधायचं?

वखारभाग
दहा टन म्हणजे उसाच्या टायरगाड्या किती रे? एका गाडीत दोन-अडीच टन धर. म्हणजे चार-पाच गाड्या, बैलांसकट नाही. एवढं उचलणारा पोरगा साध्या गुंडाच्या बुक्कीनं भिंतीवर कसा आदळतो?

आणि तुझ्या क्लास १०० चं सांगू? हँडबुक आलं १९८३ ला. दुसऱ्याच वर्षी मार्व्हलच्याच सीक्रेट वॉर्स या मालिकेच्या चौथ्या अंकात हल्कच्या डोक्यावर डोंगररांग टाकली आणि मुखपृष्ठावरच वजन छापलं, दीडशे अब्ज टन. आपल्या भाषेत पंधरा हजार कोटी टन. पावती शंभराची आणि माल पंधरा हजार कोटीचा. यालाच तर मी काटामारी म्हणतोय.

क्लास१००
"च्या वर" लिहिलंय ना काका. शंभरच्या वर पंधरा हजार कोटीही येतात 😄

शिवाय तो अंक नीट वाचा. हल्क तिथं नेहमीचा नव्हता, डोकं बॅनरचं होतं (चिडला की हल्क होतो तो शास्त्रज्ञ), म्हणजे राग कमी. डोंगर खाली यायला लागला तेव्हा सोबतच्या रीड रिचर्ड्स या शास्त्रज्ञ हिरोनं त्याला मुद्दाम टोमणे मारून चिडवलं, तेव्हा कुठं तो टिकला. तुमच्या नियमात हल्क बसतच नाही. त्याला घाम फुटला की राग येतो, राग आला की ताकद वाढते. घामावर मोजायचं तर मोजेपर्यंत आकडा बदललेला असतो.

लालमाती
पोरानं बराबर पकडलं. पर दोगांचंबी चुकतंय.

म्या बारा वर्सं तालमीत काढली. जत्रंच्या फडात जोड लावताना पंच काय बगतात? वजन बगतात, पर नुसतं वजन न्हाई. मागच्या कुस्त्या कुनासंगं, निकाली का बराबरीत, वस्ताद कोन, डाव कुटला पक्का. सत्तर किलोचा गडी नव्वदच्याला घिस्सा मारून आसमान दावतो, म्या सोता बगितलंय. आपल्या शेजारचं गोळेश्वर, कराडजवळ. खाशाबा जाधव तितले. १९५२ ला हेलसिंकीला बँटमवेटात कांस्य आनलं. अंगानं केवडे हुते? बारकेच.

म्हून सांगतो, टन मोजनं फुकाट हाय. डोंगर उचलला, बरं. पर डोंगर काय उलटा डाव टाकत न्हाई, पट काडत न्हाई. आनि वखारभागवाले, तुमचं घामाचंबी खोटं. पैलवान कशानं दमला यावर त्येचं नाव हुत न्हाई, त्यानं कुनाला चितपट केलं यावर हुतं.

फळा-खडू
शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे राहवत नाही म्हणून मधे पडते.

वखारभाग, तुमचा आवडता १९३८ चा सुपरमॅन "खरा" आणि नंतरचे फुगवलेले, असं तुम्ही मांडलंत. पण त्याच पहिल्या अंकात त्याच्या ताकदीचं कारण काय दिलंय आठवतंय का? मुंगी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट ओझं उचलते, नाकतोडा स्वतःच्या आकाराच्या मानानं प्रचंड उडी मारतो, म्हणजे माणसानंही तसं करणं अगदीच अशक्य नाही. हे साफ चूक आहे. मुंगी बलवान आहे म्हणून ओझं उचलत नाही, ती लहान आहे म्हणून उचलते. आकार दुप्पट केला की स्नायूंच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ, आणि त्याबरोबर ताकद, चौपट होते आणि वजन आठपट. माणसाएवढी मुंगी केली तर ओझं राहू द्या, तिला स्वतःचे पाय पेलणार नाहीत.

हेच मी वर्गात साबूवरून शिकवते, कारण चाचा चौधरी मुलांना माहीत असतात. साबू पंधरा फूट उंच. साडेपाच फुटी माणसाच्या पावणेतीन पट म्हणू. मग हाडांच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ साडेसात पट आणि वजन वीस पट. सत्तर किलोचा माणूस धरला तर साबू चौदाशे किलोचा. म्हणजे त्याच्या पायाच्या हाडांवर आपल्यापेक्षा पावणेतीन पट ताण, तोही नुसतं उभं राहून. त्यात तो गुरू ग्रहावरचा. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या अडीच पट, आणि उभं राहायला घट्ट जमीनच नाही, सगळा वायू. एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणूनच तो चाचांकडं राहायला आला." मी त्याला पूर्ण मार्क दिले.

आता वीस मजली उडी. साठ मीटर उंची धरा. जमीन सोडताना वेग हवा ताशी सव्वाशे किलोमीटर. गुडघे वाकवून सरळ व्हायला अर्धा मीटर मिळतो, तेवढ्यात हा वेग आणायचा तर पायाखाली स्वतःच्या वजनाच्या सव्वाशे पटीच्या आसपास दाब पडतो. शंभर किलोचा माणूस असेल तर बारा टन, तेही दोन बुटांच्या तळव्यांवर. जिथून उडेल तिथं खड्डा.

वखारभाग
खड्ड्याचं काही नाही ताई, आमच्या गल्लीत कुणाला फरक कळणार नाही.

मुंगीचं मान्य. १९३८ वाल्यांचं विज्ञान कच्चं होतं. पण मी विज्ञानाचा काटा लावतच नव्हतो, मी गोष्टीतला काटा लावत होतो. तोफगोळ्यानं जखमी होणारा नायक आणि शिंकेनं सूर्यमाला उडवणारा नायक, यातला कोणता प्रामाणिक?

क्लास१००
बाई (सॉरी, सवयीनं बाई म्हटलं), भौतिकशास्त्र आणलंत तर एकही हिरो उभा राहणार नाही. विजेच्या वेगानं पळणारा फ्लॅश पहिल्याच पावलात जळून जाईल.

फळा-खडू
बाईच म्हण, चालतं. पण भौतिकशास्त्र आणल्यावर गोष्ट मरते असं नाही, कधीकधी तिथंच ती जिवंत होते. १९७३ चा स्पायडरमॅन वाचला असशील. त्याची प्रेयसी ग्वेन पुलावरून खाली पडते, हा जाळं टाकून तिचा पाय पकडतो, वर ओढतो, तर ती गेलेली. संपादकांनी नंतर सांगितलं की झटक्यानं मान गेली. अगदी बरोबर. वेगानं पडणारी वस्तू क्षणार्धात थांबवली तर जमिनीनं थांबवली काय आणि जाळ्यानं थांबवली काय, अंगाला बसणारा झटका तेवढाच. दहा टन उचलणारा हात तिथं कामाला आला नाही. हळू थांबवायचं कौशल्य हवं होतं. विहिरीत घागर सोडताना दोर हातातून सरकवत का सोडतात, तेच.

लालमाती
ह्ये मातर पटलं बाई. तालमीतबी उचलून आपटायला ताकद लागती, पर गड्याला न मोडता खाली ठेवायला अक्कल लागती.

वेताळभक्त
साठी ओलांडलेला माणूस आहे, सांभाळून घ्या. तुमचे हल्क-बिल्क आमच्या वेळी नव्हते. आमचा वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला निघालं आणि १९९० ला बंद पडलं, मधली बरीच वर्षं मी गावभागातल्या एका वाचनालयातून पाच पैसे भाड्यानं आणून वाचली. जमवलेले अंक एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. २००५ च्या पुरात ट्रंक वाचली, २०१९ ला नाही वाचली. पाणी ओसरल्यावर उघडली तर सगळे अंक मिळून एकच जाड वीट झालेली. उन्हात ठेवून पानं सुटी करायला गेलो तर वेताळाच्या जांभळ्या रंगाचा डाग तेवढा बोटांना लागला. असो.

मुद्दा असा की वेताळाकडे ताकद शून्य. दोन पिस्तुलं, एक लांडगा, एक घोडा. पण जंगलात सगळ्यांची खात्री की हा चारशे वर्षं मेलेला नाही. खरं तर बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आपला तो एकविसावा. म्हणजे त्याची ताकद समोरच्याच्या डोक्यात आहे. कवटीची खूण जबड्यावर उमटली की ती माणसाला जन्मभर मिरवावी लागते, आणि ती बघून पुढचे दहा जण न लढताच पळतात. हे कुठल्या काट्यावर घालणार? टनात सांगा बरं.

क्लास१००
आजोबा, ते मस्तच, पण हल्कसमोर वेताळ दोन सेकंद टिकणार नाही हे तरी मान्य करा.

वेताळभक्त
दोन सेकंद कशाला टिकेल? तो समोर येणारच नाही. रात्री हल्कच्या उशाशी खूण ठेवून जाईल. सकाळी बॅनर उठेल, हल्क नव्हे.

मिरजकरीण
😂😂 आजोबांना माझं मत.

बाकीच्यांचं ऐकून एकच म्हणते. तुम्ही सगळे जण चुकीच्या माणसाची ताकद मोजताय. ताकद फक्त एकाची, लिहिणाऱ्याची. हे माझं नाही, स्वतः स्टॅन ली तसंच सांगायचे, की लेखकाला ज्याला जिंकवायचंय तो जिंकतो. पुरावा हवा? डॉक्टर डूम. मार्व्हलमधला सगळ्यात खतरनाक खलनायक, विज्ञान येतं, जादू येते, स्वतःचा देश आहे. १९९१ मध्ये त्याला कुणी हरवलं? स्क्विरल गर्ल नावाच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनं. कशानं? खारींनी! खारींचा लोंढा अंगावर सोडला, त्यांनी चिलखताच्या वायरी कुरतडल्या, डूम पळाला. आणि ती चित्रं काढणारा कोण, तर स्टीव्ह डिटको, ज्यानं स्पायडरमॅन घडवला. आता लावा तुमची जोड, लालमातीदादा. डूम विरुद्ध खारी.

लालमाती
खारी जिंकल्या म्हंजी जिंकल्या. निकाल निकाल असतो ताई.

वखारभाग
मिरजकरीण, हे वाक्य मला दरवेळी ऐकवतात आणि दरवेळी मी चिडतो. "लेखक ठरवेल तो जिंकतो" हे खरं आहे, पण त्यानं काहीच सुटत नाही. कीर्तनकारही ठरवतो कुठं थांबायचं, म्हणून काय समोरच्याला बेसूर कळत नाही?

१९८५ चं उदाहरण घ्या. स्पायडरमॅननं फायरलॉर्डला लोळवलं. हा फायरलॉर्ड म्हणजे ग्रह खाणाऱ्या गॅलॅक्टसचा एकेकाळचा दूत, अंगात विश्वाची ऊर्जा. आणि त्याला न्यूयॉर्कचा शिळ्या पावावर जगणारा फोटोग्राफर, म्हणजे एरवीचा स्पायडरमॅन, बुकलून बुकलून बेशुद्ध करतो. लेखकानं ठरवलं, छापलं, अधिकृत झालं. पण आजही चार वाचक जमले की त्या अंकाचं नाव काढून हसतात. का? कारण वाचकाच्या मनात एक काटा असतो आणि तो लेखकाच्या हातात नसतो. खारींचं चालून जातं, कारण ती गंमत आहे हे पहिल्या पानापासून कळतं. फायरलॉर्ड गंभीर चेहऱ्यानं सांगितला.

क्लास१००
फायरलॉर्डची मारामारी मला आवडते 😐 पोरगा घाबरून शहरभर पळतो, पळायला जागा संपते तेव्हा उलटून मारतो. काका, तुमच्याच घामाच्या नियमानं ती पास व्हायला हवी. अख्ख्या दोन अंकांत घामच आहे.

वखारभाग
...या मुद्द्यावर मी चहा पिऊन येतो.

तासगावची बाग
छाटणीचे दिवस आहेत, वेळ नाही, तरी मार्व्हलच्या थॅनोस या खलनायकाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. १९७३ ला जिम स्टारलिननं आणला, पुढं त्याच्या हातात ते सहा मण्यांचं पंजासारखं हातमोजं आलं, १९९१ ला चुटकी वाजवली, निम्मी जीवसृष्टी गायब. सगळे म्हणतात यापेक्षा ताकदवान कोण?

आमच्याकडं या. द्राक्षाचे घड फुलोऱ्यात असताना दोन रात्री अवकाळी पडला आणि वर ढगाळ राहिलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येतो. संध्याकाळी घड बघून झोपलेला माणूस सकाळी बागेत जातो तर निम्मी बाग गेलेली असते. चुटकीसुद्धा ऐकू येत नाही.

पण खरी गंमत पुढं आहे, जी सिनेमाच्या आधी छापून आली होती. थॅनोसला सगळं मिळतं, तो देहच सोडून विश्वरूप होतो, आणि मागं पडलेल्या देहाच्या हातातला पंजा नेब्युला काढून घेते. ज्या नातीला त्यानं अर्धमेली करून टांगून ठेवलेली तीच! त्याच्याशी लढणारा वॉर्लॉक त्याला तोंडावर सांगतो की आपण याला लायक नाही हे तुला आतून माहीत होतं, म्हणून दरवेळी तूच हातातलं सोडतोस. शेवटी तो काय करतो? एका लांबच्या ग्रहावर शेती करत बसतो. एवढी ताकद असलेला माणूस शेवटी आमच्यात आला. कर्ज कुठून काढलं ते मात्र दाखवलं नाही.

मिरजकरीण
नात म्हणवून घेते ती, थॅनोसनं मान्य केलेलं नाही. बाकी कर्जावर एक स्वतंत्र अंक निघायला हवा.

क्लास१००
बॅटमॅन कुणी काढला नाही अजून? आश्चर्य आहे. तयारीला वेळ दिला तर बॅटमॅन कुणालाही हरवतो. १९८६ ला फ्रँक मिलरच्या गोष्टीत सुपरमॅनला हरवलाच की.

लालमाती
ती गोष्ट भाच्यानं दावलीया मला. ऐक पोरा. त्यात सुपरमॅन लडाईला यायच्या आदी अनुबाँब अंगावर घेऊन वाळून कोळ झालेला. मग बॅटमॅन चिलखत घालून, वर ग्रीन अ‍ॅरो नावाच्या गड्याकडनं सुपरमॅनला लुळा करनाऱ्या हिरव्या दगडाचा बान मारवून त्येला पाडतो. आनि पाडून हुतंय तवर सोताच छाती धरून पडतो, मेल्याचं सोंग. आमच्या फडात आसं झालं आसतं तर पंचांनी जोडच मोडली आसती. उपाशी गड्याला आनि हातात बेडी घातलेल्याला कोन कुस्ती म्हनतं?

क्लास१००
पण ती आयडिया बॅटमॅनची होती ना! डाव म्हणा की त्याला. मघाशी तुम्हीच म्हणालात, नुसत्या ताकदीवर नसतं.

लालमाती
डाव मातीत टाकायचा आसतो. मातीत यायच्या आदी टाकला तर त्येला डाव म्हनत न्हाईत. त्येला काय म्हनत्यात ते हितं लिवत न्हाई, बाई हाईत.

फळा-खडू
बाईंना माहीत आहे, लिहा खुशाल.

वखारभाग
चहा झाला. फायरलॉर्डवर पोरानं मला माझ्याच डावात धरलं, ते मान्य करतो. माझ्या नियमात एक दुरुस्ती. घाम नुसता गाळून चालणार नाही, पुढच्या अंकात अंगही दुखलं पाहिजे. सुपरमॅनला १९९२ च्या शेवटी डूम्सडे नावाच्या राक्षसानं मारला, लोकांनी रांगा लावून अंक घेतले, आणि वर्षाच्या आत तो परत हजर. १९९३ मध्ये बेन या खलनायकानं बॅटमॅनची पाठ गुडघ्यावर मोडली, तोही उभा राहिला. ताकदीची काटामारी एकवेळ चालेल, दुखण्याची काटामारी मला सोसत नाही.

वेताळभक्त
म्हणून म्हणतो, आमच्याकडं बाप मेला की मेला. वीस थडगी आहेत गुहेत, मोजून.

वखारभाग
आज परत त्याच दुकानात गेलो. तीच दोन पोरं! हल्क-सुपरमॅन मिटलं वाटतं, आता राका. डाकू राका, चाचा चौधरीतला, ज्यानं औषध पिऊन मरणच घालवलंय. एकाचं म्हणणं, राकाला कुणीच हरवू शकत नाही कारण तो मरतच नाही. दुसरा म्हणतो, पण चाचा दरवेळी त्याला कुठंतरी अडकवून येतातच. मला विचारलं, "काका, तुम्ही सांगा." मी म्हटलं, एका माणसाला विचारून सांगतो. लालमाती, बोला.

लालमाती
त्येला तालमीत आना. मरायची काय गरज न्हाई, पाट टेकली का झालं.

क्लास१००
म्हणजे हल्कपण चितपट होऊ शकतो?

लालमाती
पाट हाय न्हवं त्येला?